भोपाळच्या थंडीत जुनी डिझेल गाडी सकाळी का उठत नाही?



डिसेंबर-जानेवारीत आपल्यातली बरीच कुटुंबं गाडी काढून लांब जातात. कुणाची बहीण इंदूरला दिलेली असते, कुणाचा भाऊ भोपाळला नोकरीला असतो. धुळे, सेंधवा, इंदूर, देवास, आष्टा, सिहोर करत गाडी रात्री भोपाळात पोचते. भेल कारखान्याच्या बाजूच्या अयोध्या नगरसारख्या वस्तीत घरासमोर उघड्यावर उभी राहते. आणि पहाटे पाचला निघायचं म्हटलं की चावी फिरवल्यावर नुसतं घर्र... घर्र... घर्र. काल दिवसभर न कुरकुरता धावलेली गाडी आज उठतच नाही.

बोटीच्या मशीनची नस न् नस माहीत असलेला माणूसही इथे चक्रावतो. कारण आपल्याकडे किनाऱ्यावर इंजिनाला खरी थंडी लागतच नाही. समुद्र रात्रभर ऊब धरून ठेवतो. पहाटेच्या मतलई वाऱ्याने अंगावर शिरशिरी येते, तरी मुंबई-रत्नागिरीकडे जानेवारीत पारा साधारण १७-१८ अंशांपर्यंतच उतरतो. भोपाळ मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आणि सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे रात्री जमिनीतली उष्णता भराभर वर निघून जाते. थंडीची लाट आली की पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास जातो. उघड्यावर उभ्या गाडीचं लोखंड, ऑइल, बॅटरी, डिझेल सगळं तितकंच गार होतं.

डिझेल पेटतं कसं, ते आधी बघू

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबल्याने हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं, तोच प्रकार. चालत्या इंजिनात ही हवा ५०० अंशांच्या वर जाते.

गार इंजिनात तीन गोष्टी एकदम बिघडतात.

एक, दाबलेल्या हवेची उष्णता गार लोखंड शोषून घेतं. गाडी जुनी असेल, पिस्टन रिंग झिजल्या असतील, तर हवा बाजूनेही निसटते.

दोन, बॅटरी थंडीत मंदावते. शून्य अंशाच्या जवळ तिची ताकद साधारण पाव ते एक तृतीयांश कमी होते. त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणजे देणारा अशक्त आणि मागणारा जास्त भुकेला. सेल्फ हळू फिरला की हवा दाबायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ती आणखी गार होते.

तीन, डिझेलमधलं मेण. डिझेलमध्ये थोडं मेण असतंच. गारव्यात त्याचे बारीक कण होतात आणि फिल्टरमध्ये अडकतात.

मग बोटीला हा त्रास का नाही?

बोटीच्या बहुतेक मशिनमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं. तिथे उष्णता कमी वाया जाते. इंडिका किंवा सुमोसारख्या जुन्या गाड्यांच्या इंजिनात मात्र डिझेल आधी एका छोट्या खोलीत फवारलं जातं. त्या खोलीच्या भिंती गार असतात आणि उष्णता खाऊन टाकतात. म्हणूनच तिथे प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग दिलेला असतो. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह दिसतं, ते याचंच. काही सेकंदांत प्लगचं टोक लालभडक होतं आणि डिझेल पेटायला मदत करतं.

किनाऱ्यावर चारपैकी दोन प्लग जळाले तरी गाडी सुरू होते, त्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. भोपाळच्या पहाटे मात्र ते उघड होतं.

(काही जुन्या थेट फवारणीच्या जीप आणि पिकअपमध्ये हीटर प्लग नसतातच. तिथे सगळा भार बॅटरीवर आणि कॉम्प्रेशनवर.)

खारी हवा हा आपला खास शत्रू

बंदराजवळ राहणाऱ्या गाडीची बॅटरी नवी असली तरी तिचे टर्मिनल आणि इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने गंजलेली असते. गंजातून करंट नीट जात नाही. गरम हवेत भागून जातं. थंडीत सेल्फला भरपूर करंट लागतो, तेव्हा तिथेच अडतं. कितीतरी वेळा दोष या पट्टीचा असतो आणि खर्च बॅटरीवर होतो. निघण्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, घासून चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. अर्थिंगच्या पट्टीची दोन्ही टोकंही सोडवून घासा.

पिंपातलं डिझेल गाडीत नको

भारतीय मानकात डिझेलचे हिवाळी आणि उन्हाळी असे दोन प्रकार धरलेले आहेत. किती अंशाला ते फिल्टर तुंबवू लागेल याची मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आहे, तर उन्हाळ्यात १८ अंश. म्हणजे पावसाळ्यापासून पिंपात ठेवलेलं डिझेल आपल्या बंदरात ठणठणीत चालेल, पण भोपाळच्या ५ अंशांत तेच फिल्टरमध्ये मेण धरू शकतं. शिवाय पिंपात तळाला पाणी असतं. आणि नौकेसाठी करपरताव्याने मिळणारं डिझेल नौकेसाठीच आहे, ते गाडीत घालू नये.

सोपा उपाय म्हणजे वाटेत इंदूर-देवासकडे किंवा भोपाळात पोचल्यावर रात्रीच तिथल्या पंपावर टाकी भरून घ्या. स्थानिक डिझेल त्या हवेचं असतं आणि भरलेल्या टाकीत दव धरून पाणीही साचत नाही. लडाखसारख्या ठिकाणी मात्र हे डिझेलही चालत नाही. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं.

आदल्या रात्री

• फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाका. बोटीवर करतो तसंच.
• गाडीचं तोंड भिंतीकडे करा, वारा थेट बॉनेटवर नको. बॉनेटवर जुनं पोतं किंवा गोधडी टाका. सकाळी ती काढायला विसरू नका.
• दिवे, टेप, मोबाइलचा चार्जर सगळं बंद.
• ऑइल मुदत उलटून गेलेलं असेल तर निघण्याआधीच बदला. ऑइलच्या डब्यावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं. २० डब्ल्यू ४० पेक्षा १५ डब्ल्यू ४० बरं. पण गाडीच्या पुस्तकात जे चालतं म्हटलंय तेच घाला.

सकाळी चावी फिरवताना

१. दिवे, पंखा, एसी बंद ठेवा. गिअर न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबा. त्याने गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचा भार सेल्फवर येत नाही.

२. चावी ऑनवर ठेवा आणि पिवळं चिन्ह विझेपर्यंत थांबा. चिन्ह चालत नसेल तर १० ते १५ सेकंद मोजा. फारच गारवा असेल तर चावी बंद करून हे पुन्हा एकदा करा.

३. जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनात ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरा. नव्या कॉमन रेल गाडीत पाय लावू नका.

४. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबा, आणि प्रत्येक वेळी हीटर पुन्हा तापवा.

५. सुरू झाल्यावर लगेच रेस करू नका. ऑइल वर पोचू द्या, एक-दोन मिनिटांनी निघा, पहिले काही किलोमीटर हळू चालवा.

तीन-चार प्रयत्नांत झालं नाही तर थांबा. बॅटरी संपवण्यात अर्थ नाही. गाडी काय सांगते ते ऐका आणि बघा:

• सेल्फ हळू फिरतो किंवा नुसतं टक्-टक् वाजतं: बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थिंग.
• सेल्फ जोरात फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पण पेटत नाही: डिझेल पोचतंय, उष्णता कमी पडतेय. हीटर प्लग, त्यांचा फ्यूज, रिले बघा.
• सेल्फ जोरात फिरतो, धूर अजिबात नाही: डिझेलच पोचत नाही. लाइनमध्ये एअर, तुंबलेला फिल्टर, किंवा पंपावरचा स्टॉप स्विच.
• सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडते: फिल्टरमध्ये मेण. गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं फिल्टरभोवती गुंडाळा आणि दहा मिनिटं थांबा. उकळतं पाणी पंपावर ओतू नका.

हीटर प्लग तपासायला बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरतो. प्लगवरची जोडपट्टी काढा, लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं प्लगच्या डोक्याला लावा. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत आहे. नाही लागला तर प्लग जळालाय.

दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना

आधी बघा, ती गाडी १२ व्होल्टची आहे ना? मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात, आपल्या बऱ्याच बोटींवरही दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्यावरून कारला करंट दिला तर वायरिंग जळेल, बॅटरीही फुटू शकते. लाल केबल आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी आधी त्यांच्या मायनसला, आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी पडली तरी बॅटरीच्या वायूजवळ नको.

हे कधीच करू नका

टाकीखाली किंवा ऑइलच्या चेंबरखाली शेकोटी पेटवू नका. एअर फिल्टरच्या तोंडाशी जळता कागद धरू नका. हीटर प्लग असलेल्या गाडीत ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन फुटतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मासळीच्या गाडीवरचे ड्रायव्हर आणि पोरं थंडीत केबिनमध्येच झोपतात. काचा बंद करून आत शेगडी ठेवू नका, इंजिन चालू ठेवून झोपू नका, बंद गॅरेजमध्ये गाडी गरम करत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठतच नाही. गाडी सकाळी उशिरा सुरू झाली तर तासभर जाईल, इतकंच. जाड गोधडी घ्या, काच थोडी उघडी ठेवा.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या आपल्या माणसांना, खास करून मासळी घेऊन वर जाणाऱ्या ड्रायव्हर बंधूंना, हे जरूर पाठवा. तुमच्या गाडीला थंडीत काय अडचण आली आणि शेवटी दोष कुठे सापडला, ते खाली लिहा. दुसऱ्याची पहाट सोपी होईल.