भूलतज्ज्ञाचा पहारा

गोराई गावातून बोरिवलीला ऑपरेशनसाठी निघालात, तर खाडीची बोट पकडण्याआधी दुधाचा चहा घोटभरही घेऊ नका. भुलेत गिळण्या-खोकण्याची शक्ती मंदावते. पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. म्हणून हलकं खाणं, दूध किमान 6 तास आधी बंद. साधं पाणी सहसा 2 तास आधीपर्यंत चालतं.

शिरेतून औषध गेलं की थोड्याच वेळात शुद्ध हरपते. मग भूलतज्ज्ञ उशाशीच असतात. बोटावरच्या चिमट्यातून रक्तातला ऑक्सिजन, शिवाय नाडी, रक्तदाब, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत पाहत औषध कमी-जास्त करतात. हा पहारा औषधाइतकाच मोलाचा. दमा, चालू गोळ्या, तंबाखू, हलणारा दात, त्यांच्यापासून काहीही लपवू नका.