झाडाआडचे सर
१९८४ चा उन्हाळा, शिवाजी पार्क. ११ वर्षांचा सचिन तेंडुलकर क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांसमोर पहिल्यांदाच नेटमध्ये उतरला आणि बॅट काही बोलेना. थोरल्या भावाने, अजितने, गळ घातली: सर, जरा लांबून बघा. सर निघून गेल्यासारखं करून झाडाआड थांबले. पोरगा मोकळा खेळला, सरांकडे प्रवेश पक्का!

असं का होतं, याची फोड मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्येच केली होती. कुणी पाहत असलं की शरीर सावध होतं. अंगवळणी पडलेलं काम सुधारतं, नवखं बिघडतं. १९६९ मध्ये त्यांनी हे चक्क झुरळांवर दाखवलं: इतर झुरळं बघत असताना सरळ वाटेवर ती जोरात पळाली, वळणावर अडखळली.

जळगावच्या सागर पार्कवर, धुळ्याच्या गरुड मैदानावर शिकवणाऱ्यांनी नवा फटका घोटून घेताना थोडी पाठ फिरवून पाहावी.