पावसाळ्यात सुतारशाळेतील यंत्रांचे गंजापासून रक्षण

मृगापूर्वीची नांगर-जुवांच्या दुरुस्तीची घाई एकदा आटोपली, की कोकणपट्टीतील गावोगावच्या सुतारशाळा आषाढ-श्रावणात मंदावतात. गोल करवत व रंधा यंत्र झाकून ठेवली जातात आणि गणपतीच्या तोंडावर झाकण काढावे, तो मेजावर तांबूस थर चढलेला असतो. हे नुकसान पैशापुरते राहत नाही. खडबडीत मेजावरून लाकूड सहज सरकत नाही. कारागीर ते जोराने रेटतो, आणि अशा वेळी हात पात्यावर जाण्याचा धोका असतो.

गंजास पाणी व हवेतील प्राणवायू ही दोन्ही लागतात. छप्पर गळत नसले तरी पाणी येते कोठून, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. बिडाचे जड मेज रात्री थंड होते व सकाळी सावकाश तापते. हवा ३० अंश सेल्सिअस व तिची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांच्या आसपास असलेल्या धातूवर दव धरू लागते. केवळ चार अंशांचा हा फरक होय. समुद्रकाठी हवेतील मिठाचे कण व इतरत्र हाताचा घाम हेही ओलावा धरून ठेवतात.

सुतारशाळेत लाकडाचा भुसा ही आणखी एक अडचण आहे. भुसा हवेतील पाणी शोषतो. त्यातून बाभूळ, खैर, ऐन यांच्या ओल्या भुशातील टॅनिनमुळे लोखंडावर काळसर-निळे डाग पडतात. म्हणून काम संपताच, विजेचा पुरवठा तोडून, यंत्र कोरड्या ब्रशाने व फडक्याने झाडून घ्यावे. भुशावर तेल ओतणे व्यर्थ होय.

मेजास लावण्यासाठी घरातील खोबरेल वा जवसाचे तेल घेण्याचा मोह टाळावा. ते कालांतराने चिकट होते. रोजच्या वापरात मेण उत्तम. मेणाचा पातळ थर चोळून फडक्याने पुसला असता लाकूड सुलभ सरकते व त्यावर तेलाचा डाग पडत नाही. यंत्र महिनाभर बंद राहणार असेल तर मात्र ग्रीसचा जाडसर थर द्यावा आणि बेअरिंगमध्येही ताजे ग्रीस भरावे.

प्लॅस्टिकचा कागद यंत्राभोवती घट्ट गुंडाळू नये, कारण आतील ओल आतच कोंडते. सुती कापड घालून वर ताडपत्री टाकावी व खालून हवा खेळू द्यावी. ऊब देण्यासाठी शेगडी पेटविणे हानिकारक ठरते. एक लिटर रॉकेल जळाले, की सुमारे तितकेच पाणी वाफेच्या रूपाने शेडमध्ये येते. त्याऐवजी झाकणाखाली ४० वॅटचा तारेचा जुना दिवा, भुसा पूर्ण काढून व जाळीच्या पिंजऱ्यात बसवून, कापडापासून दूर लावता येतो. वर सांगितलेली हवा ३४ अंशांपर्यंत तापली तर तिची आर्द्रता ६४ टक्क्यांच्या जवळपास उतरते. एलईडी दिव्याची ऊब मात्र या कामास पुरत नाही.

हत्यारांच्या बंद पेटीत कळीच्या चुन्याचे खडे कापडी पुरचुंडीत, धातूस न लागतील असे ठेवावेत. पाणी शोषून त्यांची भुकटी होताच ते बदलावेत, आणि पाण्याचा थेंब वा डोळ्यांशी त्यांचा संबंध येऊ देऊ नये.

कोवळा गंज रॉकेलमध्ये भिजविलेल्या बारीक पॉलिश कागदाने, मेजाच्या लांबीच्या दिशेने घासून निघतो. त्यानंतर मेज कोरडे करून त्याच दिवशी मेण लावावे. उघडे पडलेले लोखंड पावसाळी हवेत एका रात्रीतही पुन्हा तांबडे होऊ शकते.