खवाट्याचे स्थैर्य

हाताची हालचाल होत असताना खवाटा, म्हणजे खांद्याचे पाते किंवा अंसफलक, छातीच्या पिंजऱ्यावर योग्य जागी व योग्य कोनात धरून ठेवण्याच्या स्नायूंच्या क्षमतेस खवाट्याचे स्थैर्य म्हणतात. येथे स्थैर्य म्हणजे निश्चलता नव्हे. खवाटा हातासोबत फिरतो; मात्र त्याचे फिरणे नियंत्रित असावे लागते.

रचना

खवाटा हे चपटे, त्रिकोणी हाड पाठीवर साधारणतः दुसऱ्या ते सातव्या बरगडीदरम्यान असते. धडाच्या सांगाड्याशी त्याला जोडणारे हाड एकच, ते म्हणजे जत्रुक (गळ्याजवळचे आडवे हाड). बरगड्यांशी त्याचा नेहमीसारखा सांधा नसल्याने त्याला जागेवर धरण्याचे काम मुख्यतः स्नायू करतात. सेरेटस अँटेरियर हा स्नायू खवाटा बरगड्यांना चिकटून ठेवतो व पुढे ओढतो. ऱ्हॉम्बॉइड स्नायू त्याला मणक्याकडे खेचतात. हात वर जाताना सेरेटस आणि ट्रॅपेझियसचे वरचे व खालचे भाग मिळून खवाटा वरच्या दिशेने फिरवतात.

हात पूर्ण वर उचलण्याच्या सुमारे १८०° हालचालीपैकी अंदाजे १२०° खांद्याच्या सांध्यात आणि ६०° खवाट्याच्या फिरण्यातून होते. इनमन, साँडर्स व ॲबट यांनी १९४४ मध्ये हे २:१ प्रमाण मांडले. प्रत्यक्षात ते व्यक्तीनुसार आणि हालचालीच्या टप्प्यानुसार बदलते.

ताकदीशी संबंध

दंडाचे हाड खाचेत नीट बसवून ठेवणारे रोटेटर कफचे चारही स्नायू खवाट्यावरूनच निघतात. स्नायू आखडला की तो आपली दोन्ही टोके जवळ ओढतो. खवाटा घट्ट धरलेला असेल तर ओढ दंडाला मिळते. तो सैल असेल तर खवाटाच दंडाकडे ओढला जातो आणि हात कमकुवत भासतो. स्नायू निरोगी असूनही चाचणीत ताकद कमी दिसू शकते, ती यामुळे. अमेरिकन अस्थिशल्यविशारद बेन किब्लर व सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासात खवाटा मागे घेऊन स्थिर केल्यावर सुप्रास्पायनेटस स्नायूची मोजलेली ताकद वाढली. दुखऱ्या खांद्यांप्रमाणेच निरोगी खांद्यांतही हा फरक आढळला. त्यामुळे तपासणीत खवाटा हाताने आधार देऊन ताकद पुन्हा पाहिली जाते. हे न करता केवळ दंडाच्या स्नायूंचे व्यायाम दिल्यास मूळ दोष तसाच राहण्याची शक्यता असते.

श्रम आणि व्यायाम

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावसारख्या धानपट्ट्यात हा विषय खेळाडूंपुरता उरत नाही. रोवणीत (अन्यत्र लावणी) कमरेतून वाकून हात तासन्‌तास पुढे व खाली राहतात. हातांच्या वजनाने खवाटे पुढे ओढले जातात आणि पाठीकडचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत काम करत राहतात. डोक्यावरचा धानाचा भारा हाताने सावरताना याउलट खवाटा वर फिरलेला ठेवावा लागतो. थकलेले स्नायू ही पकड पूर्वीइतकी राखू शकत नाहीत.

तालमीतील जोर या व्यायामात तळहात जमिनीवर टेकलेले असतात व खवाट्यांना धडाचा भार पेलावा लागतो. कोपर सरळ झाल्यावरही जमीन थोडी अधिक ढकलल्यास सेरेटसला विशेष काम मिळते. अशक्त व्यक्तीस हाच व्यायाम भिंतीला हात टेकून देता येतो. त्याच्या जोडीला रबरी पट्टा मागे ओढण्याचे व्यायाम करतात. मल्लखांबात शरीर हातांवर लटकत असल्याने खवाटा खाली धरणाऱ्या स्नायूंचा कस लागतो.

दोष

खवाट्याची कड पाठीवरून पंखासारखी उचललेली दिसणे हे सेरेटसच्या दुर्बलतेचे ठळक लक्षण होय. या स्नायूला चेतना देणाऱ्या लांब वक्षीय तंत्रिकेला खांद्यावरील जड ओझ्यानेही इजा होऊ शकते. कड अचानक उचललेली दिसू लागल्यास व्यायाम सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. दोन्ही खवाट्यांच्या हालचालीतील किरकोळ फरक मात्र निरोगी व्यक्तींतही आढळतो. तेवढ्यावरून त्यास आजार मानत नाहीत.