पुलावर टोल नाही, मग फेरीबोटीला भाडं का?

स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २००८मध्ये फोर्थ आणि टे या दोन खाड्यांवरच्या पुलांचा टोल कायमचा बंद झाला. त्याआधी डिसेंबर २००४मध्ये स्काय बेटाच्या पुलाचा टोल गेला होता. १९९५मध्ये पूल खुला झाल्यापासून तिथल्या रहिवाशांनी टोलविरुद्ध चिवट लढा दिला होता. २००८पासून त्या देशात गाडी घेऊन पूल ओलांडायला पैसे पडत नाहीत. ज्या बेटाला पूल नाही, तिथला माणूस मात्र घरून दवाखान्यात, बाजारात किंवा नातलगांकडे जायला प्रत्येक वेळी तिकीट काढतो. पाण्यावर पूल असेल तर वाट फुकट आणि पाण्यावर जहाज असेल तर विकत, हा भेद कोणत्या न्यायाने केला जातो? एडिंबरोच्या संसदेत बेटांवरून निवडून आलेले आमदार हाच प्रश्न वर्षानुवर्षं निरनिराळ्या शब्दांत मंत्र्यांना विचारत आले आहेत. त्यांचं म्हणणं रास्त आहे. फेरीबोट हा बेटाचा रस्ता आहे आणि तिचं भाडं रस्त्याच्याच मापाने ठरलं पाहिजे. ते माप कोणतं, हे सरकारला जाहीरपणे सांगायला लावणं हे आमदाराचं काम आहे.

बेटावरच्या जगण्यात हे भाडं किती खोलवर मुरलेलं असतं, ते आधी पाहायला हवं. स्कॉटलंडच्या बेटांवर एक लाखाहून अधिक लोक राहतात. पश्चिमेकडच्या बाह्य हेब्रिडीज बेटांतलं मुख्य गाव स्टॉर्नोवे; तिथून मुख्य भूमीवरच्या उलापूलला पोहोचायला बोटीने जवळजवळ पावणेतीन तास लागतात. उत्तरेच्या शेटलंडमधून ॲबर्डीनला जायचं तर रात्रभर बोटीत काढावी लागते. घर बांधायचं तर सिमेंट आणि लाकूड बोटीने येतं, गुरांचा खुराक बोटीने येतो, आणि त्याच गुरांची वासरं विकायला बोटीनेच बाहेर न्यावी लागतात. म्हणजे शेतकरी खरेदीतही भाडं मोजतो आणि विक्रीतही. मोठ्या उपचारांसाठी इन्व्हरनेस, ग्लासगो किंवा ॲबर्डीन गाठावं लागतं. म्हणून ग्रामीण प्रश्नांची यादी करताना शाळेला शिक्षक नाही, दवाखान्याला डॉक्टर नाही, तरुणांना परवडणारं घर नाही, असे मुद्दे सुटे सुटे मांडले तरी ते सगळे एकाच धक्क्यावर येऊन थांबतात. जिथून माहेरी जायचा खर्चच धडकी भरवतो, तिथे बाहेरची शिक्षिका किती वर्षं टिकेल? बाह्य हेब्रिडीजची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत २७,७००च्या आसपास होती, ती २०२२मध्ये २६,२००च्या जवळ आली. या घटीला एकटं भाडं कारण नाही, पण जी कारणं आहेत त्यांतल्या प्रत्येकाचा भार ते वाढवतं.

यावर एक साधा, सुंदर उपाय १९७४मध्येच सुचवला गेला होता. डोंगराळ प्रदेश आणि बेटं यांच्या विकासासाठी नेमलेल्या सरकारी मंडळाने नॉर्वेचं उदाहरण समोर ठेवून म्हटलं, की जेवढं अंतर बोटीने कापायचं, तेवढंच रस्त्याने कापलं असतं तर जो खर्च आला असता, तोच बोटीचा दर असावा. हे प्रत्यक्षात यायला ३४ वर्षं लागली. ऑक्टोबर २००८मध्ये बाह्य हेब्रिडीज, कोल आणि टायरी या बेटांच्या मार्गांवर ही ‘रस्त्याइतकं भाडं’ योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. सूत्र कुणालाही पडताळता येईल असं होतं: माणसामागे दोन पौंड आणि वर प्रत्येक मैलाला दहा पेन्स, मोटारीला पाच पौंड आणि वर प्रत्येक मैलाला साठ पेन्स. पुढे २०१२मध्ये आयला, कोलन्से आणि गीया, २०१४मध्ये ॲरन आणि २०१५मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचे उरलेले मार्ग योजनेत आले. उत्तरेकडची ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं मात्र बाहेरच राहिली. तिथल्या काही मार्गांवर खाजगी बोटीही चालतात आणि सरकारी सवलतीमुळे स्पर्धेचे नियम मोडतील, अशी अडचण पुढे आली. ऑर्कनीचे आमदार लियम मॅकआर्थर यांनी हा दुजाभाव संसदेत पुन्हा पुन्हा मांडला. २०१८मध्ये शेटलंडच्या मार्गांवर प्रवाशांचं भाडं उतरलं, पण ती सवलत होती. सूत्राने मिळणारा हक्क नव्हता. सवलत देणारा ती उद्या काढूनही घेऊ शकतो, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे.

सूत्राचं नाव टिकलं तरी त्यामागचं माप कसं सुटत जातं, हे अलीकडच्या दोन वर्षांत दिसलं. पश्चिमेच्या मार्गांवर बोटींचं भाडं २०२४मध्ये ८.७ टक्क्यांनी आणि २०२५मध्ये आणखी दहा टक्क्यांनी वाढलं. दोन्ही वाढी एकावर एक धरल्या तर जवळजवळ वीस टक्के होतात. याच काळात रस्ता आणि रेल्वे यांचं काय झालं? इंधनावरचा कर लंडनचं सरकार ठरवतं. तो २०११पासून गोठवलेला होता आणि मार्च २०२२मध्ये लिटरमागे पाच पेन्सने उतरवलाही गेला. स्कॉटलंडच्या स्वतःच्या सरकारने २०२२पासून बावीस वर्षांखालच्या सर्वांना बसप्रवास मोफत केला आणि सप्टेंबर २०२५पासून रेल्वेचं गर्दीच्या वेळचं जादा भाडं रद्द केलं. हे निर्णय चांगलेच आहेत. पण ज्या वर्षी शहरातल्या नोकरदाराचा प्रवास स्वस्त झाला, त्याच वर्षी बेटावरच्या माणसाचा दहा टक्क्यांनी महाग झाला. रस्त्याशी बरोबरी हे तत्त्व खरं असेल, तर ही वाढ त्या तत्त्वातून निघत नाही. ती तिजोरीच्या गरजेतून निघते, आणि तसं असेल तर सरकारने ते तसंच सांगावं.

इथे आमदाराच्या प्रश्नाचं मोल कळतं. आपल्या विधानसभेत तारांकित आणि अतारांकित प्रश्न असतात, तसे स्कॉटलंडच्या संसदेत तोंडी आणि लेखी प्रश्न असतात. अधिवेशन चालू असताना लेखी प्रश्नाला साधारण दहा कामाच्या दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. अशा प्रश्नांनी काय साधतं, मंत्री गुळमुळीत उत्तर देऊन मोकळे होतात, असा आक्षेप घेतला जातो. मोघम विचारलं तर तसं होतं खरं. पण २०१८च्या बेटविषयक कायद्याने सरकारवर एक बंधन घातलं आहे: एखाद्या धोरणाचा परिणाम बेटांवर इतरांपेक्षा लक्षणीय वेगळा होणार असेल, तर त्याचं मूल्यमापन करायला हवं. तेव्हा ‘भाडं का वाढवलं’ असं विचारण्यापेक्षा ‘या वाढीचं मूल्यमापन केलं का, कधी केलं आणि त्यात काय आढळलं’ असं विचारलं, की उत्तराला निसटायला जागा उरत नाही. मिळालेलं उत्तर नोंदीत राहतं, आणि पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी तेच मंत्र्यांपुढे ठेवता येतं.

मोजक्या बेटवासीयांच्या प्रवासाचा भार सगळ्या करदात्यांनी का उचलावा, हा दुसरा आक्षेप. पण डोंगरातल्या एखाद्या वाडीच्या रस्त्यावरून दिवसाकाठी दहा गाड्या जातात, म्हणून त्या रस्त्याने आपला खर्च आपणच भरून काढावा, असं कुणी म्हणत नाही. शिवाय बेटं नुसती घेत नाहीत. आयलाची व्हिस्की जगभर विकली जाते आणि तिच्यावरचा कर सरकारला मिळतो. शेटलंडच्या सलम व्हो तेलतळाने कित्येक दशकं उत्तर समुद्रातलं तेल हाताळलं आहे. देशाने बेटांकडून घ्यायचं तेव्हा सगळं एक कुटुंब, आणि जेट्टी बांधायची वेळ आली की वेगळी चूल, हे पटणारं नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. भाडं उतरलं की पर्यटकांच्या गाड्या वाढतात, बोटी भरतात आणि उन्हाळ्यात स्थानिकालाच जागा मिळत नाही. हे खरोखर घडलं आहे. त्यात बोटी जुन्या. २०१५मध्ये ९.७ कोटी पौंडांना मागवलेल्या दोन नव्या जहाजांपैकी पहिलं जानेवारी २०२५मध्ये प्रवाशांना घेऊन निघालं, आणि दोन्हींचा एकूण खर्च तोवर चौपटीवर गेला होता. जून २०२३मध्ये साउथ उइस्ट बेटाच्या लॉकबॉइसडेल मार्गावरच्या फेऱ्या जवळजवळ महिनाभर रद्द झाल्या, तेव्हा सुमारे पाचशे बेटवासी गाड्या घेऊन धक्क्यावर निषेधाला जमले. जी बोट सुटतच नाही तिचं भाडं कमी असून उपयोग काय? मात्र यातून सरसकट भाडेवाढीचं समर्थन होत नाही. पर्यटक वर्षातून एकदा येतो, तो वाढीव दर सोसतो. रहिवासी वर्षभर मोजत राहतो, म्हणजे गर्दी करणाऱ्याऐवजी दंड त्यालाच बसतो. रहिवाशांसाठी वेगळा, सूत्राला बांधलेला दर आणि प्रत्येक फेरीत त्यांच्या गाड्यांसाठी शेवटपर्यंत राखून ठेवलेली जागा, हे त्यावरचं उत्तर आहे. आमदारांनीही भाडं आणि जागा हे दोन प्रश्न जोडीने विचारले पाहिजेत. एकाचं उत्तर दुसऱ्यावाचून अपुरं आहे.

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटायचं कारण नाही. गोव्यात फेरीबोटीने जाणाऱ्या दुचाकींना आकार लावायचं सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये ठरवलं, तेव्हा लोकांनी तीव्र विरोध केला आणि निर्णय थांबवावा लागला. चोडण आणि दिवाडी या बेटांवरची माणसं रोज मांडवी ओलांडतात, आणि तीच नदी पणजीत पुलावरून ओलांडणाऱ्या दुचाकीला काही मोजावं लागत नाही. नदी असो की समुद्र, भाड्याचा प्रस्ताव सभागृहात येईल तेव्हा तिथल्या आमदाराने रकमेवर घासाघीस करण्याआधी हा दर कोणत्या मापाने काढला, ते विचारावं. माप एकदा नोंदीवर आलं, की पुढची प्रत्येक वाढ त्याच्याशी ताडून पाहता येईल, आणि ती रास्त आहे की नाही हे धक्क्यावर उभा असलेला माणूसही स्वतः मोजून सांगू शकेल.