मशेरीची डबी

पहाटेची वेळ आहे. चूल पेटली आहे. चुलीवर तवा आहे, पण तव्यावर भाकरी नाही. तव्यावर तंबाखू आहे. तंबाखू भाजून काळी होते आहे. धूर घरभर पसरला आहे. पाळण्यातले मूल ठसकते आहे. शेजारीण दारातूनच विचारते, "मशेरी भाजताय व्हय? थोडी मला बी ठेवा."

हे चित्र तुम्हाला नवे नाही. कोणी मशेरी म्हणते, कोणी मिसरी म्हणते. वस्तू एकच. तंबाखू भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना लावायची.

आज आपण या डबीबद्दल बोलू. कोणाला नावे ठेवायची नाहीत. आमच्याही घरांत ही डबी होती. आमच्या आया, आज्या मशेरी लावत. त्या काही वाईट बाया नव्हत्या.

आमच्या रात्रीच्या वर्गात आम्ही एकदा विचारले, "तंबाखू कोण कोण खाते?" एकही हात वर झाला नाही. मग विचारले, "मशेरी कोण लावते?" निम्म्याहून जास्त हात वर झाले. एक बाई म्हणाल्या, "मशेरी म्हंजे तंबाखू न्हवं. ती दाताची हाय."

इथेच खरी चूक आहे. मशेरी ही तंबाखूच आहे. भाजली म्हणून तिच्यातले विष जात नाही. उलट, पान जळताना विडीच्या धुरात असतात तसली आणखी काही विषे तिच्यात तयार होतात.

ही आपली पूर्वापार रीत आहे, असेही काही जण म्हणतात. तेही तितकेसे खरे नाही. तंबाखू आपल्या देशात सुमारे चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर आली. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. त्याआधी आपल्या लोकांना दात होतेच, आणि ते लोक दात घासतही होते.

आता ही तंबाखू अंगात काय करते ते पाहू.

तंबाखूत निकोटिन नावाचे विष असते. मशेरी हिरड्यांना लावली की निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून रक्तात जाते. रक्तातून ते मेंदूत पोचते. नाडी जलद चालते. रक्ताच्या नळ्या आवळतात. रक्तदाब चढतो. पहिल्या वेळी मशेरी लावली तेव्हा काय झाले होते ते आठवा. चक्कर आली होती. मळमळले होते. कोणाला उलटीही झाली असेल. शरीर सांगत होते, हे नको. पण चार दिवसांत शरीराला सवय झाली. पुढे शरीरच मागू लागले. यालाच आपण तलफ म्हणतो.

तलफ आली आणि मशेरी मिळाली नाही, की डोके दुखते. चिडचिड होते. कामात मन लागत नाही. मग मशेरी लावली की बरे वाटते. बाई म्हणते, "मशेरीनं डोकं उतरलं." पण डोके चढवले कोणी? मशेरीनेच. सावकार आपली कणगी रिकामी करतो आणि त्यातलेच पायलीभर जोंधळे आपल्याला उसने देतो. आपण म्हणतो, सावकार मोठा दयाळू! तशीच ही गोष्ट आहे.

दातांचेही तेच. दात ठणकतो तेव्हा मशेरी लावली की थोडा वेळ ठणका दबल्यासारखा वाटतो. कीड मात्र आत तशीच राहते. दात काळे पडतात. हिरड्या दातांपासून सुटतात आणि खाली सरकतात. दातांची मुळे उघडी पडतात. मग थंड पाणी झोंबते. शेवटी दात हलू लागतो. दातांसाठी म्हणून जे लावले त्यानेच दात गेले. १९९२ साली सरकारने दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्यावरची मशेरी मात्र चालूच राहिली.

आणखी मोठी भीती तोंडाच्या कर्करोगाची आहे. मशेरी जिथे रोज लागते तिथे आधी पांढरा चट्टा उठतो. तो दुखत नाही. म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होत नाही. पण काहींचा होतो. कोणत्या चट्ट्याचा होईल हे आपल्याला बाहेरून ओळखता येत नाही.

मशेरी लावणाऱ्या बायांची दोन कारणे आम्ही नेहमी ऐकतो. ती खोटी नाहीत. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिले कारण भुकेचे. रोजगाराला जाणारी बाई सकाळी उपाशी निघते. भाकरी दुपारी मिळते. मशेरी लावली की भूक मरते. हे खरे आहे. निकोटिनने भूक मंदावते. पण भूक मेली म्हणजे पोट भरले असे नव्हे. जिला आधीच अन्न कमी पडते, तिचे शरीर आणखी खंगते.

दुसरे कारण शौचाचे. "मशेरी लावल्याबिगर परसाकडंला व्हत न्हाई," असे बाया सांगतात. हेही खरे आहे. निकोटिन आतड्यांना ढोसते. रोज ढोसण्याची सवय लागली की आतडी आपणहून हालायला आळस करतात. मशेरी सोडली की काही दिवस पोट साफ होत नाही. पुष्कळ बाया याच कारणाने पुन्हा डबी उघडतात. तेव्हा हे आधीच माहीत असलेले बरे. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी प्यावे. जेवणात पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये घ्यावी. दिवसभर पाणी जास्त प्यावे. दोन-चार आठवड्यांत आतडी आपल्या कामाला लागतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गरोदर बाईची.

गरोदरपणात मळमळ थांबावी म्हणून काही बाया मशेरी लावतात. पण आईच्या रक्तातले निकोटिन वारेतून बाळापर्यंत जाते. रक्ताच्या नळ्या आवळल्या की बाळाला मिळणारे पोषण कमी होते. मुंबईत १२१७ गरोदर बायांची पाहणी झाली होती. तिची माहिती २००४ साली छापली गेली. त्या बायांपैकी तंबाखू घेणाऱ्या बहुतेक जणी मशेरीच लावत होत्या. त्यांची मुले इतर मुलांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. सरासरी सहा दिवस आधी जन्मली.

१०५ ग्रॅम म्हणजे साधारण दोन अंड्यांचे वजन. मोठ्या माणसाला ते काहीच नाही. पण जन्मणारे मूल निदान अडीच किलोचे असावे असे डॉक्टर म्हणतात. जे मूल आधीच काठावर आहे, त्याला दोन अंड्यांचे वजनही मोठे असते. बाळंतपणानंतरही आईने मशेरी लावली तर निकोटिन अंगावरच्या दुधात उतरते.

आमच्या वर्गात एक मावशी येत असत. वय पन्नाशीचे. मशेरीची सवय तीस वर्षांची. त्यांच्या सुनेला पाचवा महिना लागला होता. सुनेलाही मशेरीची सवय होती. लग्नानंतर सासूनेच तिला डबी पुढे केली होती. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने सुनेचे वजन केले आणि तिला मशेरी बंद करायला सांगितले. सून घरी येऊन रडली. घरात रोज मशेरी भाजली जाते, डबी समोर असते, मग ती बंद कशी करायची?

मावशी वर्गात येऊन म्हणाल्या, "तिला सोड म्हणायचं तर आधी मला सोडाया पायजे."

मावशी नुकतेच आकडे शिकल्या होत्या. आम्ही म्हटले, "मावशी, रोज किती वेळा लावता ते भिंतीवर खडूने लिहा." पहिल्या दिवशी आकडा आला ११. मावशींना तो खोटाच वाटला. "मी आपली सकाळ-संध्याकाळ लावती," असे त्या सगळ्यांना सांगत. जेवल्यावर, भांडी घासताना, शेतावर जाताना, गप्पा मारताना लागलेली बोटे त्यांनी कधी मोजलीच नव्हती.

सुनेने त्याच दिवशी मशेरी पूर्ण सोडली. गरोदर बाईने असेच करावे. हळूहळू कमी करत बसायला तिच्याकडे वेळ नसतो. मावशींनी मात्र टप्प्याने कमी केली. जी मशेरी नुसत्या सवयीने लागते ती आधी बंद केली. आकडा ७ वर आला. मग ४ वर आला. पहाटेची मशेरी काही सुटेना. शेवटी एका सोमवारी त्यांनी डबी उकिरड्यात पुरली आणि तवा घासून लख्ख केला.

पुढचे तीन दिवस वाईट गेले. तलफेचा जोर सोडल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. मावशींचे डोके दुखले. झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी दळणाच्या डब्याला लाथ मारली आणि सगळे पीठ सांडले. घरात कोणी काही बोलले नाही. मुलाने गुपचूप पीठ गोळा केले. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. कारण सोडणाऱ्याला जेवढा धीर लागतो, तेवढाच घरच्यांनाही लागतो.

तलफ आली की ती काही मिनिटे टिकते आणि ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. मावशी उठून आड्यावर जात आणि एक घागर भरून आणत. कोणी बडीशेप चघळते, कोणी लवंग तोंडात धरते, कोणी चूळ भरून गार पाणी पिते. सुपारी मात्र धरू नये. सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो. दात घासायला कडुलिंबाची काडी किंवा साधी पेस्ट पुरते.

तिसऱ्या आठवड्यात भाच्याच्या लग्नात मावशींनी दोन बोटे मशेरी लावली. चार दिवस त्या वर्गात तोंड दाखवायला तयार नव्हत्या. आम्ही घरी जाऊन म्हटले, "मावशी, भिंतीवर २ लिहा आणि उद्या ० लिहा." असे पुष्कळांचे होते. एकदा पाय घसरला म्हणून कोणी चालणे सोडत नाही.

पुढे सुनेला मुलगी झाली. वजन अडीच किलोच्या वर भरले. ते मशेरी सोडल्यामुळेच झाले, असे आम्ही ठामपणे म्हणणार नाही. सुनेने गोळ्याही घेतल्या होत्या आणि नीट जेवलीही होती.

ज्यांना आजच सोडवत नाही, त्यांनी निदान काही गोष्टी पाळाव्या. घरात मूल किंवा गरोदर बाई असताना मशेरी भाजू नये. डबी मुलांच्या हाताला लागू देऊ नये. थोडीशी तंबाखूही लहान मुलाच्या पोटात गेली तर विषबाधा होते. दात येणाऱ्या मुलाच्या हिरड्यांना मशेरी कधीही चोळू नये. मशेरी तोंडात ठेवून झोपू नये, थुंकी गिळू नये. पण याने धोका थोडा कमी होतो, जात नाही. "एवढीशी मशेरी चालते" असे माप कोणालाही सांगता येणार नाही.

शहरात शिकायला गेलेली काही मुले आता पेनासारखी एक नळी ओढतात. तिला ई-सिगारेट म्हणतात. तिच्यात तंबाखूचे पान नसते. बॅटरीवर एक द्रव तापतो आणि त्याची वाफ छातीत जाते. मुले म्हणतात, "ही तंबाखू नाही, नुसती वाफ आहे." पण त्या द्रवात बहुतेक वेळा निकोटिनच असते. घसा कोरडा पडतो, खोकला येतो, छाती धडधडते, आणि तलफ लागते ती लागतेच. २०१९ साली आपल्या देशात तिच्या विक्रीला कायद्याने बंदी झाली. तरी ती चोरून विकली जाते. आजी म्हणते मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे, नातू म्हणतो वाफ म्हणजे तंबाखू नव्हे. दोघांच्या रक्तात जाते ते एकच.

मशेरी लावणाऱ्यांनी, आणि सोडलेल्यांनीही, महिन्यातून एकदा आपले तोंड तपासावे. आधी स्वच्छ चूळ भरावी. आरसा घेऊन उजेडात बसावे. ओठ उलटून पाहावे. गाल बोटाने ओढून आतून पाहावा. जीभ वर करून खालची बाजू पाहावी. पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो का? दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? कुठे गाठ लागते का? तोंड उघडून तीन बोटे उभी आत जातात का? यांतले काही वेगळे आढळले तर दुखत नाही म्हणून थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. वाट माहीत नसेल तर आशाताईंना सोबत घ्यावे. चट्टा लवकर सापडला आणि तंबाखू सुटली, तर पुष्कळदा तो आपोआप मावळतो.

एकट्याने सोडणे जमत नसेल तर फोनवरून मदत मिळते. सरकारचा नंबर आहे १८००-११-२३५६. या फोनला पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते. तंबाखूच्या पुडीवरही हा नंबर छापलेला असतो. तुम्हाला आता वाचता येते, तेव्हा पुडी हातात घेऊन तो शोधा. फोन करताना दोनच गोष्टी आधी ठरवून ठेवा: किती वर्षांची सवय आहे, आणि दिवसातून किती वेळा लागते. दुसरा आकडा अंदाजाने सांगू नका. एक दिवस भिंतीवर मोजा, आणि मग फोन करा.