उजवा हात रुसला तेव्हा

आपल्याकडे गवयाची ओळख करून घेताना पहिला प्रश्न येतो, ‘गुरू कोण?’ पाश्चात्त्य संगीतातही या प्रश्नाला केवढे मोल आहे, हे पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

फ्लायशर यांचा जन्म १९२८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे, टोप्या तयार करणाऱ्या एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. १९३८ साली थोर वादक आर्टुर श्नाबेल यांनी त्यांना शिष्य म्हणून पत्करले. श्नाबेल हे लेशेटित्स्कींचे, लेशेटित्स्की चेर्नींचे आणि चेर्नी साक्षात बेथोव्हेनचे शिष्य. आपल्या भाषेत सांगायचे तर मुलाला घराणे लाभले! सोळाव्या वर्षी, १९४४ साली, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह त्यांचे वादन झाले. १९५२ मध्ये ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत ते पहिले आले. हा मान मिळविणारे ते पहिलेच अमेरिकन.

कीर्तीचा सूर्य असा माथ्यावर असतानाच, १९६४ साली, त्यांच्या उजव्या हाताची अनामिका व करंगळी तळव्याकडे वळू लागली. मेंदूकडून स्नायूंना जाणारी आज्ञाच बिघडविणाऱ्या या विकारास ‘फोकल डिस्टोनिया’ म्हणतात. पण त्याचे निदान होण्यास कित्येक वर्षे लागली. जीव नकोसा व्हावा इतकी निराशा त्यांना आली.

त्यांना सावरले ते अध्यापनाने. १९५९ पासून ते बाल्टिमोरच्या पीबॉडी संगीतसंस्थेत शिकवीत होते. पूर्वी शिष्य अडला की स्वतः वाजवून दाखविणे सोपे होते. आता प्रत्येक स्वराचे वजन, प्रत्येक विरामाचे कारण शब्दांतच सांगणे भाग पडले. सांगण्यासाठी आधी ते स्वतःला नेमके उमगावे लागते. आणि ऐकणाऱ्यालाही नक्कल करण्याची सोय उरत नाही, स्वतः शोधावे लागते. आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन यांसारखे वादक त्यांच्या हाताखाली शिकले. हाती खडू घेऊन आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला हा भाग फार मोलाचा वाटतो.

वादनही त्यांनी सोडले नाही. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विट्गेनश्टाइन यांच्यासाठी राव्हेल आदी रचनाकारांनी केवळ डाव्या हाताच्या रचना केल्या होत्या. त्या फ्लायशर यांनी आपल्याशा केल्या. वाद्यवृंदाचे संचालनही केले. १९८२ साली बाल्टिमोर येथे ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजविण्यास बसले, पण ते वादन त्यांच्याच मनास उतरले नाही. ते निमूटपणे डाव्या हाताकडे वळले. पुढे १९९० नंतरच्या दशकात स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी बोटे उलगडू लागली. २००४ साली ‘टू हॅण्ड्स’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. नावातच सारी कहाणी आली!

२ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी, बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले. उजव्या हाताने त्यांना सुमारे तीस वर्षे दगा दिला. त्या वर्षांत जे शिष्य घडले, ते मात्र केवळ त्यांच्या शब्दांवर घडले.